शेक घ्यायला जाते

"आता शेक सुरू करू," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मला हसू आलं. हसण्यासारखं काहीच नव्हतं. डाव्या छातीतली गाठ काढून जेमतेम महिना झाला होता, तपासणीत ती नको तीच निघाली होती, आणि शेजारच्या खुर्चीतला नवरा माझ्याकडे बघत होता की हिचं डोकं फिरलं की काय. पण हसू आलं खरं. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात, भल्यामोठ्या मशीनखाली जे करतात त्याला शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे शेक म्हणतात, हे मला ठाऊकच नव्हतं. फाईलवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं. ते कुणी उच्चारतही नव्हतं.

आमच्याकडे शेक म्हणजे बाळंतिणीचा. सुंभाची बाज, तिच्याखाली घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर ओवा, शेपा नि लसणाची सालं, आणि त्या धुरात न्हाऊन आलेली बाई आणि तिचं लेकरू. माहेरी, पिशोरला, आमच्या गल्लीत हे काम आईचं. ती काही सुईण नव्हे. पण तिच्या हातचा शेक मिळाला की बाळंतीण लवकर उठते, असा गावात बोलबाला होता आणि आईला तो बोलबाला मनापासून आवडायचा. गल्लीतल्या मिशा फुटलेल्या बाप्यांनाही ती चारचौघांत "ह्यो माझ्या हातचा शेकलेला" म्हणते आणि ते बिचारे खाली बघतात.

मी शब्दांवर पोट भरते. औरंगपुऱ्यात एका प्रकाशकाचं ऑफिस आहे, अंधाऱ्या जिन्यानं वर गेलं की लागतं. तिथं बसून मी दुसऱ्यांची मराठी नीट करते. लेखक मंडळी एकवेळ किडनी देतील, पण विशेषण काढू देणार नाहीत. त्यांच्याशी भांडून उरलेल्या वेळात मी स्वतःचं लिहिते. दोन कादंबऱ्या झाल्यात, तिसरी तेव्हा निम्म्यावर आली होती. शिवाय दिवाळी अंकांचे दिवस जवळ आलेले, टेबलावर प्रुफांचा ढीग. आजारी पडायला याहून गैरसोयीचा मुहूर्त शोधून सापडला नसता.

पण खरी अडचण प्रुफांची नव्हती. खरी अडचण आई होती.

तिची धाकटी बहीण, माझी मावशी, याच आजारानं गेली. तेव्हा कुणी दवाखान्यात वेळेवर नेलं नाही. कळलं तेव्हा उशीर झालेला. आईनं तिला आपल्या घरी आणून शेवटपर्यंत सांभाळलं. मावशी गेल्यावर आई बाजेवर पडली ती किती तरी महिने नीट उठलीच नाही. भाकरीचा एक तुकडा मोडायची नि ताट सारायची. कुणाच्या घरी लेकरू झालं आणि बोलावणं आलं, तर म्हणायची, "माझ्या हाताला येश न्हाई आता. दुसरी कुणी बघा." ती पुन्हा माणसांत यायला फार काळ लागला. हे सगळं मी आणि माझ्या धाकट्या भावानं बघितलेलं. म्हणून माझा रिपोर्ट आल्यावर भाऊ फोनवर पहिलं वाक्य बोलला ते हे: "ताई, आईला कळू देऊ नको. तू बरी व्हशील गं, पण ती न्हाई उठायची."

मलाही तेच वाटत होतं. माझ्या आजाराची भीती होतीच, पण ती ठरलेल्या वेळी यायची, हॉस्पिटलच्या वेळात. आईला कळेल याची भीती मात्र फोन वाजला की यायची.

अशा वेळी तो शब्द माझ्या मदतीला आला.

"आई, काढली ती गाठ. चरबीची व्हती," मी सांगितलं. "आता महिनाभर शेक घ्यायला सांगितलाय."

"शेक व्हय? मंग बरं हाय," आई म्हणाली. "शेकानं आंग मोकळं व्हतंय. वारं लागू देऊ नको फकस्त."

चरबीची हे खोटं आणि शेक हे खरं. खोट्याला खऱ्याचा असा टेकू मिळाल्यावर मी जी सुटले, ती सगळ्यांनाच तेच सांगत सुटले. ऑफिसात मालकांना म्हटलं, सकाळी शेक घ्यायला जाते, दुपारून येईन. माझी कंबर धरलीय असं समजून त्यांनी खुर्चीवर स्वतःच्या घरची उशी आणून ठेवली, आणि मी उठबस करायला लागले की "सावकाश, सावकाश" म्हणू लागले. आमच्या शेजारच्या खाला रबरी पिशवी घेऊन आल्या. "ये लेव बाजी, गरम पानी भरके सेको. मेरी कमर को इसीसे आराम पड्या." मी पिशवी घेतली. काय करणार? दाखवायला म्हणून ती दोरीवर वाळतही घातली. प्रुफात चुकीचा शब्द दिसला तर मला झोप येत नाही, आणि इथं मी एका अगदी अचूक शब्दाच्या आड मजेत लपून बसले होते.

सकाळी नवरा खुलताबादला त्याच्या शाळेत जायचा आणि मी रिक्षानं हॉस्पिटलात. तिथल्या लांब व्हरांड्यात बाकांवर बायका बसलेल्या असायच्या, कन्नडच्या, सिल्लोडच्या, जालन्याकडच्या. कुणी रोज येऊन-जाऊन, कुणी जवळच खोली करून राहिलेली. एकमेकींना विचारायच्या, "तुजा शेक कवा सरतोय?" जणू माहेरपणाला आल्यात आणि कोण कधी परत जाणार ते विचारतायत. मशीन बंद पडलं की सगळ्या मिळून त्याला शिव्या घालायच्या, डबे उघडायच्या. मी प्रुफं घेऊन बसायचे. पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "मास्तरीण हायेस का? पेपर तपासायलीस?" मी नुसती मान हलवली. "किती नापास केलेस?" "सगळेच," मी म्हटलं. लेखकांबद्दलचं माझं खरं मत मी पहिल्यांदाच एवढ्या मोकळेपणानं बोलले. तेव्हापासून त्या मला मास्तरीणबाईच म्हणायच्या आणि नवीन आलेल्या बाईला माझ्याकडं बोट दाखवून सांगायच्या की ही कुणालाच पास करत नाही.

आत मात्र गंमत नव्हती. टेबलावर उताणं निजायचं, दोन्ही हात डोक्यावर, आणि छातीवर जांभळ्या शाईनं आखलेल्या रेघांवर मशीनचा उजेड जुळवायचा. त्या रेघा पुसायच्या नाहीत. त्या जागी साबण नको, तेल नको, ऊन नको, घट्ट कपडा नको. जुळवाजुळव झाली की मशीन चालवणारे काका "हलू नका हं मॅडम" म्हणून बाहेर जायचे आणि ते जाड दार सरकून बंद व्हायचं. काही दुखत नाही. भाजतही नाही तेव्हा. काही मिनिटांचंच काम. पण त्या बंद दाराआड मला रोज भीती वाटायची. मी मनातल्या मनात शुद्धलेखनाचे नियम म्हणायचे, इकारान्त उकारान्त सगळे, आणि तरीही भीती वाटायची. हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यानं तरी आत येऊन काय केलं असतं? तिथं कुणालाच थांबता येत नाही.

दुपारी ऑफिसच्या जिन्यात अर्ध्यावर थांबावं लागायचं. थकवा असा की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही अंगावर यायचा. कादंबरीचं पान उघडून बसले की तिच्यातली माणसं माझ्याकडे बघत बसायची आणि मी त्यांच्याकडे. एके दिवशी मालकांनी माझ्या ढिगातली निम्मी प्रुफं न बोलता स्वतःच्या टेबलावर नेली. त्यांना माझ्या कमरेची फारच काळजी लागली होती. मला त्या दिवशी त्यांना खरं सांगून टाकावंसं वाटलं, पण मग ते सावकाश म्हणायचेही बंद झाले असते आणि नुसते बघत राहिले असते.

महिना होत आला आणि आईचा फोन आला.

"अजून शेक चालूच हाय?"

"हाव. थोडा राहिलाय."

"येवढा शेक कामून लागायलाय? बाळंतिणीला बी येवढा लागत न्हाई. कोण देतंय तुला?"

"एक काका हायेत, आई."

"बाप्या? बाप्या शेक देतोय?"

"मशीननं देतेत गं. ते नुसतं चालू करतेत."

"मंग बरोबरच हाय," आई म्हणाली. "म्हणूनच गुण येईना. मशीनला काय कळतंय शेकातलं? मीच येते."

मी नको म्हटलं. काम आहे म्हटलं, घरात पसारा आहे म्हटलं. भावानंही तिला अडवलं असेल. पण आपल्या हातचं काम दुसरं कुणी बिघडवतंय असं एकदा वाटलं की आई कुणाचं ऐकत नाही. तो गुण मीही तिच्याकडूनच घेतलाय. शनिवारी ती आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं लोखंडी घमेलं, आणि पिशवीत ओवा, शेपा, गोवऱ्यांचे तुकडे. घमेल्यावरून बसमध्ये कंडक्टरशी वाजलं होतं, ते आधी सांगून झालं. मग माझ्याकडं नीट बघितलं. "लई वाळलीस," एवढंच बोलली.

शनिवार-रविवार हॉस्पिटलात शेक नसतो. रविवारी दुपारी जेवणं झाली, नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. आईनं बाल्कनीत निखारे पेटवले. धूर वर जाताच पलीकडून खालांचा आवाज आला, "क्या जलरा बाजी?" "काय न्हाई, पोरीला शेकायलेय," आईनं खणखणीत सांगितलं. खालांना ते ताबडतोब पटलं.

मी आईकडं पाठ करून बसले. विचार केला, पाठीला शेकू दे, तिचं समाधान होईल, माझं काही बिघडत नाही. पाठीला तिचा हात लागला आणि मी डोळे मिटले. फडक्याची ऊब, ओव्याचा वास. किती दिवसांत मला असं बरं वाटलं नव्हतं. मी गाफील राहिले. आईनं फडकं पुन्हा निखाऱ्यावर धरलं, मला खांद्याला धरून आपल्याकडं वळवलं, आणि सवयीनं गाऊन खाली ओढला.

"अगं बया," ती म्हणाली. "ह्ये काय? शिंप्यानं मापं काढल्यावानी?"

रेघांमधली कातडी लाल-काळी पडली होती. आईला वाटलं असणार, मशीनवाल्यानं वाईट शेकून ठेवलंय. तिनं गरम फडकं तिथं टेकवायला हात पुढं केला आणि मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं.

"आई, नको. तिथं न्हाई चालत."

"सोड. मी काय आज शेकायलेय का?"

"ती चरबीची गाठ नव्हती, आई."

तिनं फडकं खाली केलं नाही. माझ्या हातात तिचं मनगट तसंच राहिलं. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होईना, म्हणून मी त्या मनगटाकडेच बघत सगळं सांगितलं: गाठ कसली निघाली ते, लवकर सापडली म्हणून डॉक्टरीणबाई खूश आहेत ते, शेक म्हणजे तिथं काय असतं ते. मावशीचं नाव घ्यायची गरज पडली नाही. फडकं गार झालं.

आई उठली. बाल्कनीत गेली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं. परत येऊन माझ्यासमोर बसली आणि मला वाटलं आता ती आडवी होईल, भाऊ म्हणाला तसंच होईल.

"शेक म्हणलीस तू," ती म्हणाली. आवाज चढलेला. "दुसरं कायबी म्हणायचं व्हतंस. माझाच शबुद घेतलास नि मलाच फशिवलंस? सगळ्या गल्लीत सांगितलं मी, पोरीला शेक चालू हाय म्हणून. दोनदा डिंकाचे लाडू करायला घेतले."

मी म्हटलं, "तिथं तेच म्हणतेत, आई. खरंच."

"म्हणू दे त्यांना. तू मला कामून म्हणलीस?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी तिथून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि जेवताना तिनं स्वतःच्या ताटातली अख्खी भाकरी खाल्ली. मी चोरून बघत होते. तिच्या हे लक्षात आलं असावं, कारण तिनं आणखी अर्धी घेतली. हात धुता धुता एकच विचारलं.

"ह्यो शेक तवा व्हता का? तिच्या टायमाला?"

"व्हता, आई. आपल्याला म्हाईत नव्हतं."

ती बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. मी जाऊन नळ बंद केला.

सोमवारी सकाळी मी आवरून दाराशी आले तर आई चप्पल घालून तयार. विचारायचा प्रश्नच नव्हता. व्हरांड्यात पोचल्यावर ती बाकावर टेकली न टेकली तोच बायकांमध्ये मिसळून गेली. कोण कुठली, काय झालं, किती शेक झाला. मास्तरीणबाईंची आई म्हणून तिला लगेच जागा मिळाली. एका बाईनं पदर सारून तिच्या रेघा दाखवल्या आणि आई वाकून अशी बघत राहिली, जशी दुसऱ्या बाईनं घातलेली वेणी बघावी. माझा नंबर आला तशी ती माझ्याबरोबर उठली आणि थेट मशीनच्या खोलीच्या तोंडाशी आली.

"आज्जी, तुम्हाला आत येता येणार नाही," मशीनवाले काका म्हणाले.

"मंग आत तिच्याजवळ कोण असतंय?"

"कुणीच नसतं. आम्हीसुद्धा बाहेर. इथून पडद्यावर दिसतं सगळं."

आईनं आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रोज एकलीच असतीस?"

मी हो म्हटलं. मी आत गेले, निजले, हात वर केले. काकांनी रेघा जुळवल्या, "हलू नका हं मॅडम" म्हटलं आणि गेले. दार सरकलं. ती रोजची भीती आली आणि मी इकारान्त शब्दांना सुरुवात केली.

छताजवळच्या स्पीकरमधून खरखर झाली. एरवी तिथून काकांचा आवाज यायचा, तोही क्वचित.

"अय पोरी!" फोनवर पिशोरहून ओरडावं तसा आवाज. "ऐकू यायलंय का? हालू नको. मी हाय हितं. बघायलेय तुला."

मागून काकांचा दबका आवाज आला, "आज्जी, झालं, आता बटण सोडा."

"थांब की बाबा. शेक चालू असताना माणसाशी बोलत ऱ्हावं लागतंय. नुसतं गप निजवून कुठं शेक असतोय व्हय?"

ते काहीतरी पुटपुटले. पण बटण तिनं सोडलं नाही आणि त्यांनीही सोडवलं नाही. मशीन घरघरायला लागलं. आई सांगत होती की भावानं अंगणातल्या कडुलिंबाची फांदी तोडली, ती तोडायला नको होती; की पलीकडच्या घरात पोरगी झालीये, अगदी बापाच्या नाकाची; की मी घरी आल्यावर काय खाणार ते आत्ताच ठरवावं, म्हणजे तिला जाताना भाजी घेता येईल. माझे डोळे भरून आले, पण हात वर होते आणि हलायचं नव्हतं, म्हणून पाणी दोन्ही बाजूंनी कानात उतरलं.

"रडू नको, दिसायलंय मला," आई म्हणाली, आणि पुन्हा पलीकडच्या पोरीचं सांगायला लागली.